कॉम्प्रेसरचं तेल: आधी गॅस बघा

कॉम्प्रेसरमधलं तेल जागेवर बसून राहत नाही. थोडं थोडं थंड करणाऱ्या गॅसबरोबर नळ्यांतून फिरतं आणि त्याला परत यावंच लागतं. म्हणून तेल घेताना पहिला प्रश्न ब्रँडचा नाही, गॅसचा. जुन्या आर-१२ गॅसमध्ये खनिज तेल छान विरघळायचं. आर-१३४ए आला आणि हे जमेना. तेल थंड कॉइलमध्येच अडकायचं, इकडे कॉम्प्रेसर कोरडा. त्यावर उपाय म्हणून पीओई हे कृत्रिम तेल आलं. गाडीच्या एसीत बहुधा पीएजी असतं. हल्लीच्या घरगुती फ्रीजमधल्या आर-६००ए ला मात्र पुन्हा खनिज तेल चालतं.

पीओईची एक खोड फार महागात पडते: ते हवेतला ओलावा शोषतं. पावसाळ्यात डबा उघडा ठेवून कारागीर चहाला गेला, की तेल बिघडायला सुरुवात झालीच. दिसायला ते स्वच्छच दिसतं, पण आत पाण्याने आम्ल बनतं आणि मोटरच्या वाइंडिंगवर उठतं. व्हॅक्यूम पंप लावूनही हे मुरलेलं पाणी सहजी निघत नाही. त्यामुळे लहान डबा घ्या, तुमच्यासमोर फोडायला सांगा. अर्धवट उरलेलं तेल पुढच्या कामाला वापरू देऊ नका.

अमोनियावरच्या शीतगृहांत पीओई अजिबात नको, त्याची अमोनियाशी रासायनिक क्रिया होते. तिथे बहुधा आयएसओ व्हीजी ६८ जाडीचं खनिज तेल वापरतात. ते अमोनियात जवळपास विरघळत नाही, जड असल्याने तळाशी साचतं आणि तिथून वेळोवेळी काढावं लागतं.