ओवी (संगीत)

ओवी हा प्राचीन देशी संगीतातील एक प्रबंध, म्हणजेच ठरावीक अवयवांनी बांधलेली गेय रचना आहे. आज ही संज्ञा प्रामुख्याने मराठी छंदाचे नाव म्हणून परिचित असली, तरी तिचे जुने उल्लेख संगीतविषयक लेखनात गीतप्रकार म्हणून आढळतात.

व्युत्पत्ती

‘ओवी’ हा शब्द ‘ओवणे’ (गुंफणे) या क्रियापदापासून आला असावा, असे सामान्यतः मानले जाते.

संगीतग्रंथांतील उल्लेख

चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या मानसोल्लास (इ.स. ११२९) या संस्कृत ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, अशी नोंद आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने संगीतरत्नाकराच्या प्रबंधाध्यायात ओवीची गणना ‘विप्रकीर्ण’ प्रबंधांत केली. त्याच्या लक्षणानुसार ओवीत प्रासयुक्त तीन खंड असतात, ती देशभाषेत गायली जाते आणि तिच्या शेवटी ‘ओवी’ हे पद येते. अशा रीतीने कष्टकरी स्त्रियांच्या गाण्याला संगीतशास्त्रात स्थान मिळाले.

नेवासे आणि ज्ञानेश्वरी

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात प्रवरा नदीकाठी असलेल्या नेवासे येथे संत ज्ञानेश्वरांनी शके १२१२ (इ.स. १२९०) मध्ये भगवद्गीतेवरील भाष्य सांगितले. सच्चिदानंदबाबांनी ते लिहून घेतले. परंपरेनुसार ज्या खांबाला टेकून हे निरूपण झाले, तो ‘पैस’ खांब तेथील मंदिरात आहे. सुमारे ९,००० ओव्यांच्या या ग्रंथाच्या अठराव्या अध्यायात ज्ञानेश्वर आपल्या रचनेला ओवीचा प्रबंध म्हणतात. ती गायिली असता शोभते आणि गायनाविनाही रंगते, असा तिचा गुण ते सांगतात. येथे ओवी गेय राहूनही वाचनाचा व निरूपणाचा छंद झाली.

रचना

ज्ञानेश्वरीतील ओवीत पहिले तीन चरण यमकबद्ध, तर चौथा आखूड व बहुधा यमकरहित असतो. म्हणून तिला साडेतीन चरणी म्हणतात. अक्षरसंख्येचे बंधन नसते. तीन प्रासयुक्त खंड आणि शेवटचे लहान पद या शार्ङ्गदेवाने दिलेल्या लक्षणाशी या बांधणीचे साम्य दिसते.

नंतरची परंपरा

अभंग हा ओवीचाच विकसित प्रकार मानला जातो. जात्यावरच्या ओव्यांची मौखिक परंपरा स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या जपली. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्राच्या खेड्यांतून अशा १ लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या आहेत.