चुन्याने भाजलेल्या डोळ्यात पेशींची रोवणी

चंद्रपूर-गडचिरोलीत खर्रा घोटायचा म्हणजे सुपारी-तंबाखूसोबत चुना आलाच. चुन्याची पुडी घरात पडलेली असते. पोर ती खेळायला घेते, दाबते, पुडी फुटते आणि चुना थेट डोळ्यात उडतो. आम्लाने पेशींतली प्रथिने गोठतात, त्यामुळे ते बहुधा वरच अडते. चुना मात्र पेशींच्या आवरणातली चरबी विरघळवत आत शिरतो.

बुबुळावरचा पारदर्शक पडदा म्हणजे कॉर्निया. मध्यभागी त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. त्याच्या सर्वांत वरच्या थरात पेशींच्या पाच-सात ओळी असतात. त्या झिजत राहतात आणि साधारण आठवडा-दहा दिवसांत नव्या येतात. डोळ्याचा काळा आणि पांढरा भाग मिळतो त्या कडेला लिंबस म्हणतात. या नव्या पेशी तिथल्या मूळपेशींतून येतात; त्या मूळपेशी म्हणजे कॉर्नियाचे पऱ्हे, म्हणजे रोवणीची रोपे. ते जळले की पांढऱ्या भागावरचा पातळ पापुद्रा रक्तवाहिन्यांसकट बुबुळावर चढतो. अशा डोळ्यात नेत्रदानातला कॉर्निया नुसता बसवून भागत नाही. त्याचा वरचा थर भरून काढणाऱ्या पेशीच उरलेल्या नसतात.

१९९७ मध्ये इटलीच्या ग्राझिएला पेलेग्रिनी आणि सहकाऱ्यांनी यावर वाट दाखवली. चांगल्या डोळ्याच्या कडेचा बारीकसा तुकडा घेऊन त्यांनी प्रयोगशाळेत पेशींचा अख्खा थर वाढवला आणि तो भाजलेल्या डोळ्यावर बसवला. हैदराबादेत एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेने ही पद्धत शेकडो रुग्णांवर वापरली. पण पेशी वाढवायला दहा-चौदा दिवस, निर्जंतुक प्रयोगशाळा आणि बराच खर्च लागे.

२०१२ मध्ये याच संस्थेच्या डॉ. वीरेंद्र सांगवान आणि सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेचा टप्पाच वगळला. बुबुळावर चढलेला पापुद्रा सोलून ते तिथे गर्भजलाच्या पिशवीचा पातळ पडदा चिकटवतात. चांगल्या डोळ्यातून घेतलेल्या सुमारे दोन मिलिमीटरच्या तुकड्याचे आठ-दहा बारीक कण करून त्यावर लावतात. पेशी डोळ्यातच पसरतात. दोन्ही डोळे भाजले असतील तर स्वतःचे पऱ्हे मिळत नाहीत. त्यासाठी जपानमध्ये कोजी निशिदा यांच्या गटाने २००४ मध्ये तोंडातल्या अस्तराच्या पेशी वाढवून वापरल्या.

कड किती वाचेल, ते मात्र पहिल्या काही मिनिटांत ठरते. चुना उडाला की डोळा उघडा धरून स्वच्छ पाण्याची धार निदान अर्धा तास सोडावी. तूप, दूध काही घालू नये. मग लगेच दवाखाना गाठावा, कारण पापणी उलटवून आत अडकलेले कण काढावे लागतात.