लिओपोल्डच्या भिंतीतली भोकं

कुलाबा कॉजवेच्या फुटपाथवर चपला, कानातली आणि डुप्लिकेट घड्याळं चुकवत पुढे गेलं की लिओपोल्ड कॅफे लागतो. दारं रस्त्याकडे सताड उघडी, वर पंखे गरगरताहेत, टेबलं एकमेकांना खेटून. बसताना शेजाऱ्याला ‘जरा सरकता का?’ म्हणावंच लागतं.

सुरुवात 1871 सालची. तेव्हा इथे बिअर नव्हती, खाद्यतेल होतं. इराणहून आलेल्या झरथुस्त्री मंडळींनी तेलाचा घाऊक धंदा मांडला. मग दुकान झालं, औषधं आली, खाणावळ आली. माल बदलत गेला, नाव मात्र राहिलं, आणि तेही बेल्जियमच्या राजाचं! त्या वेळी गादीवर होता दुसरा लिओपोल्ड. याच्याच खासगी मालकीच्या काँगोत पुढे रबरापायी माणसांचे हात तोडले गेले. मुंबईने त्या नावातला राजा कधीच विसरून टाकला, हे एका अर्थी बरंच झालं.

आता इथे बिअर मिळते. अशा बारला आपल्याकडे ‘परमिट रूम’ म्हणतात, ती 1949च्या दारूबंदी कायद्याची कृपा. तो कायदा अजून जिवंत आहे. पिण्याच्या एका दिवसाच्या परवान्याला विदेशी मद्यासाठी पाच रुपये, देशीसाठी दोन. मुंबईत ग्लास उचलणाऱ्या किती जणांच्या खिशात तो कागद असतो, यावर मी पैज लावणार नाही.

2003 साली, लिओपोल्ड जिच्यात वारंवार येतो ती ‘शांताराम’ कादंबरी आली आणि पाठीवर बोजा घेतलेले गोरे प्रवासी पत्ता विचारत येऊ लागले. मग 26 नोव्हेंबर 2008. रात्री साडेनऊच्या सुमाराला दोघे दहशतवादी दारात आले, हातबॉम्ब टाकला, गोळ्या झाडल्या आणि ताज हॉटेलकडे निघून गेले. किमान दहा माणसं गेली. त्यात इथलेच दोन वेटर होते.

चार दिवसांत शटर वर गेलं. गोळ्यांची भोकं मात्र मालकांनी लिंपली नाहीत. भिंतीत आहेत, काचेत आहेत. जवळून पाहिलं तर भोकाच्या कडेचा गिलावा कपच्या उडून खरबरीत झालेला. त्याखाली टेबल आहे आणि टेबलावर गिऱ्हाईक.

परवा तिथे एक कॉलेजचा पोरगा भोकात बोट घालून फोटो काढून घेत होता. मागे वेटर बिअरचा उंच टॉवर दोन्ही हातांनी छातीशी धरून थांबला होता. पोरगा बाजूला झाल्यावर त्याने टॉवर ठेवला, फडक्याने टेबल पुसलं आणि विचारलं, ‘खायला काय आणू?’