गांजा ओढणारा पुढे गर्दकडे वळतोच का?

“डॉक्टर, मुलगा गांजा ओढतो असे कळले आहे. आता हा गर्दुल्ला होणार का हो?” चिंचपोकळीच्या माझ्या दवाखान्यात हा प्रश्न वरचेवर येतो. विचारणारे बहुधा आई-वडील असतात, कधी मोठी बहीण असते. मुलांचे म्हणणे नेमके उलटे असते. “गांजा ही साधी वनस्पती आहे, साधू-बैरागी ओढतात, त्याने काही होत नाही,” असे ती ठासून सांगतात. गावाकडून शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी मुंबई-पुण्याला आलेली मुलेही यात असतात. म्हणून हा विषय आपल्या जिल्ह्यातल्या वाचकांसाठीही दूरचा नाही. खरे सांगायचे तर आई-वडील आणि मुले, दोघांचेही म्हणणे अर्धेच बरोबर आहे.

दोन वेगळी झाडे

भांग, गांजा आणि चरस ही एकाच झाडाची तीन रूपे. पानांची भांग, मादी झाडाच्या फुलोऱ्याचा गांजा आणि त्यावरच्या राळेचा चरस. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने गांजा व चरस बाळगणे, विकणे आणि सेवन करणे हा गुन्हा ठरवला. नुसत्या पानांची भांग त्या कायद्याच्या व्याख्येत येत नाही. गर्द, म्हणजे ब्राऊन शुगर, हे अशुद्ध हेरॉईन. ते अफूपासून बनते. अफूचे झाड वेगळे आणि मेंदूवर काम करण्याची तऱ्हाही वेगळी. गर्दचा डोस जास्त झाला तर श्वास मंदावतो आणि माणूस झोपेतच दगावू शकतो. गांजाने असे सहसा होत नाही. दोघांना एकाच मापाने मोजणे म्हणूनच चूक आहे.

पायऱ्यांचा सिद्धान्त

१९७५ साली डेनिस कँडेल या अमेरिकन संशोधिकेने शाळकरी मुलांची पाहणी करून व्यसनांचा क्रम मांडला. आधी बिअर किंवा वाईन, मग सिगारेट व कडक दारू, त्यानंतर गांजा आणि शेवटी इतर अमली पदार्थ. यातूनच ‘गांजा हे पुढच्या व्यसनांचे प्रवेशद्वार’ ही समजूत जगभर पसरली. गंमत अशी की या क्रमात गांजाच्या आधी दारू आणि तंबाखू आहेत, हे लोक विसरले. त्या दोन गोष्टी आपल्याकडे घराघरांत असतात.

शिवाय क्रम म्हणजे कारण नव्हे. चिंचपोकळीला धीम्या गाडीत बसून कल्याणला उतरलेल्या प्रत्येकाला वाटेत दादर लागलेले असते. पण दादरवरून गेलेला प्रत्येक जण कल्याणला जात नाही, बहुतेक लोक आधीच उतरतात. हेरॉईन घेणाऱ्यांपैकी बहुतेकांनी आधी गांजा ओढलेला असतो, हे खरे. पण गांजा ओढणाऱ्यांपैकी बहुतेक जण हेरॉईनपर्यंत जात नाहीत, हेही तितकेच खरे. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने १९९९ साली उपलब्ध पुरावा तपासला. गांजाच्या अमली परिणामांमुळेच माणूस पुढच्या अमली पदार्थांकडे ढकलला जातो, असे सिद्ध झालेले नाही, असा निष्कर्ष तिने काढला.

गिरणगावाने काय पाहिले?

आपल्या देशात गांजा काही आजचा नाही. ब्रिटिश सरकारने १८९३-९४ साली त्यावर आयोग नेमून हजाराहून अधिक साक्षी नोंदवल्या होत्या. अति सेवन घातक, पण माफक सेवनाने फारसा अपाय दिसत नाही, असे त्या आयोगाचे मत पडले. मुंबईतही चिलीम ओढणारे पिढ्यान् पिढ्या होते. तरीही मुंबईत गर्दुल्ले दिसू लागले ते १९८० नंतरच.

मग बदलले काय? अफगाणिस्तान-पाकिस्तान-इराण पट्ट्यातून स्वस्त हेरॉईन मुंबईत येऊ लागले. त्याच सुमारास, १८ जानेवारी १९८२ ला, गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगारांची घरे हलली. शिक्षण सुटलेली, कामाची आशा नसलेली मुले नाक्यावर बसू लागली. म्हणजे माल हाताशी आला आणि तो घेणारे रिकामे, निराश तरुणही तिथेच होते. गांजा तर त्याआधीपासून होताच. गर्दचे हे लोण नुसते मुंबईत राहिले नाही. अनिल अवचट यांनी त्यावर लिहून महाराष्ट्राला जागे केले. १९८६ साली पुण्यात येरवड्याला डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने ‘मुक्तांगण’ सुरू झाले, त्याला पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी आर्थिक पाठबळ दिले.

मग मुलगा निर्धास्तपणे ओढू दे का?

मुळीच नाही. ऑस्ट्रेलियात जुळ्या भावंडांच्या ३११ जोड्यांचा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. प्रत्येक जोडीतल्या एकाने सतरा वर्षांच्या आत गांजा घेतला होता, दुसऱ्याने घेतला नव्हता. घर तेच, आई-वडील तेच. तरीही लवकर सुरुवात करणाऱ्यात पुढे इतर अमली पदार्थ घेण्याची, व्यसन लागण्याची शक्यता दुपटीपासून पाचपटीपर्यंत जास्त आढळली. याचे एक कारण संगत आणि विक्रेता हे असावे. गांजाची पुडी देणाऱ्याच्या खिशात एमडीची पुडीही असते. एकदा त्याच्या दारात गेलेल्या मुलाला तो दुसरा माल दाखवणारच. दुसरे कारण मेंदूचे. विशीच्या मध्यापर्यंत मेंदूची घडण चालू असते आणि त्या काळात नशेची सवय खोल रुजते.

पुढची पायरी आलीच नाही तरी गांजाचे स्वतःचे नुकसान आहेच. अमेरिकेतील पाहण्यांनुसार तो करून पाहणाऱ्यांपैकी शंभरात सुमारे नऊ जणांना त्याचे व्यसन लागते. किशोरवयात सुरुवात केली तर हे प्रमाण सहात एकापर्यंत जाते. स्मरणशक्ती आणि अभ्यासातले लक्ष कमी होते. घरात मानसिक आजार असेल तर भास, संशय, वेडसरपणा उफाळून येण्याचा धोका वाढतो. आपल्याकडे सिगारेट रिकामी करून त्यात तंबाखूबरोबर गांजा भरतात, त्यामुळे तंबाखूची सवय फुकटात लागते ती वेगळीच.

२०१९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘एम्स’च्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात वर्षभरात ३ कोटींहून अधिक लोकांनी भांग, गांजा किंवा चरस घेतला होता. त्यातल्या सुमारे ७२ लाखांना मदतीची गरज होती.

घरच्यांनी काय करावे?

१) ‘आज गांजा, उद्या गर्द’ अशी भीती घालू नका. दहा मित्र गांजा ओढून धडधाकट फिरताना मुलगा रोज पाहतो. तुमचे एक वाक्य खोटे ठरले की गर्द आणि एमडीबद्दल तुम्ही सांगितलेले खरेही तो ऐकणार नाही.

२) मारझोड करू नका, घराबाहेर काढू नका. घराबाहेर पडलेल्या मुलाला नाक्यावरची मंडळीच जवळ करतात.

३) तो का ओढतो ते शांतपणे विचारा. झोप लागत नाही, परीक्षेत नापास झालो, नोकरी मिळत नाही, अशी उत्तरे बहुधा येतात. इलाज तिथून सुरू होतो.

४) गुटखा, मावा, सिगारेट बारा-तेरा वर्षांच्या वयातच रोखा. आपल्या घरची पहिली पायरी तीच आहे. वडिलांनी स्वतः तंबाखू सोडली तर सांगणे सोपे जाते.

५) गांजा अचानक बंद केल्यावर चिडचिड, झोप न येणे, भूक मंदावणे ही लक्षणे दिसतात. ती साधारण दोन आठवड्यांत ओसरतात. तेवढे दिवस घरच्यांनी धीर धरावा.

६) नाक गळणे, अंग ठणकणे, उलट्या, जुलाब एकदम सुरू झाले आणि घरात काळवंडलेली पन्नी सापडली, तर गर्दची शंका घ्या. लगेच डॉक्टरांकडे न्या.

७) पोलिसांच्या भीतीने उपचार टाळू नका. स्वतःहून मान्यताप्राप्त रुग्णालयात उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला कायद्याच्या कलम ६४ अ प्रमाणे काही अटींवर खटल्यापासून संरक्षण मिळते. सरकारी रुग्णालयांच्या मनोविकार विभागात चौकशी करा. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ या क्रमांकांवर मोफत सल्ला मिळतो.

तात्पर्य, गांजाची पुडी सापडली म्हणून मुलगा गेला असे समजू नका आणि ‘वय आहे, करतो’ म्हणून सोडूनही देऊ नका. त्याचे वय काय, तो रोज ओढतो का, कोणाबरोबर ओढतो आणि कशामुळे ओढतो, या चार प्रश्नांच्या उत्तरांवर पुढचे सारे अवलंबून असते. ती उत्तरे तो आपल्याच माणसांना देईल, अशी वागणूक घरात असली पाहिजे.