करंजाची बी आणि तिचें मूळ

गेल्या चैत्रांत वर्गांतील एका मुलानें दोन मुठी करंजाच्या बिया माझ्या मेजावर ठेविल्या. एक मूठ पिंपळे गुरवच्या पवनाकांठची, दुसरी त्याच्या मावळांतील आजोळची. आजोळची बी ठसठशीत होती. “सर, झाड एकच जातीचें, मग बी निराळी कां?”

पुण्याच्या आसपास वर्षाला सुमारें ७० सेंटिमीटर पाऊस पडतो. लोणावळ्याकडे त्याच्या कितीतरी पट. करंज वैशाखाच्या सुमारास फुलतो आणि शेंग पिकावयास पुढील वसंत उजाडतो. इतका दीर्घ काळ झाडास मिळालेलें पाणी व ऊब यांचा ठसा बीवर उमटल्यावांचून कसा राहील? दाणा भरतेवेळीं पाण्याची तूट पडली तर तो बारीक राहतो. तेलाचा गुणहि हवेनें पालटतो. अनेक तेलबियांत थंड हवेंत पातळ राहणारीं मेदाम्लें अधिक तयार होतात.

परंतु हवा हेंच सर्व कारण नव्हे. करंजाचा पराग मधमाशा एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात. म्हणून एकाच झाडाचीं रोपेंहि भावंडांप्रमाणें भिन्न. शिवाय त्याची शेंग पाण्यावर तरंगते! पवना मावळांतूनच खालीं येते. तेव्हां आमच्या कांठचा करंज येथलाच कीं वाहून आलेला, हें कोण सांगणार? मोठ्या बींत तेलहि अधिक, ही समजूत मात्र नेहमीं खरी ठरत नाहीं. आजीच्या दिव्याचें व खरजेवरील औषधाचें हें तेल बियांत सामान्यतः शेंकडा २७ ते ३९ सांपडतें. एकाच जातींत एवढें अंतर!

हवेचा वाटा व वंशाचा वाटा निवडावयाचा तर गांवोगांवचें बियाणें एकाच शेतांत लावावें. जो फरक तेथेंहि टिकेल तो वंशाचा. कडुनिंबाविषयीं १९९० नंतरच्या दशकांत संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या साह्यानें अनेक देशांनीं असेच प्रयोग आरंभिले. त्यांत भारतहि होता.

करंज फळावर यावयास चार ते सात वर्षें लागतात. चुकीचें बियाणें तोंवर उमगत नाहीं. म्हणून बांधावर करंज लावणाऱ्या पालकांनीं बी कोठल्या झाडाची तें आधीं विचारावें. खात्रीच्या झाडाचें कलम मिळाल्यास अधिक बरें, कारण कलमांत वंश बदलत नाहीं.

त्या मुलाच्या दोन्ही मुठी आम्हीं शाळेच्या कुंपणालगत शेजारींशेजारीं पेरिल्या आहेत, खुणेचे खुंटे मारून. शेंगा धरतील तेव्हां तो शाळेंत नसेल. पत्ता ठेवून जा, असें मीं त्याला सांगितलें आहे.