थंडीतील दुचाकी आणि पेट्रोलची निवड

मार्गशीर्ष-पौषाच्या दिवसांत नाशिक-निफाडच्या पट्ट्यात पहाटेचा पारा अनेकदा १० अंशांच्या खाली उतरतो. बाजारपेठ मात्र थंडीसाठी थांबत नाही. माल उतरवून घ्यायचा असतो, दुकान वेळेवर उघडायचे असते. अनेक व्यापारी घरांत या धावपळीचा भार दहा-पंधरा वर्षे जुन्या मोटारसायकलवरच असतो. अशी गाडी सकाळी चालू तर होते. पण गिअर टाकून रेस देताच गचके खाते, क्षणभर तिचा दम तुटतो आणि कधी ती बंदही पडते. गल्लीत हा केवळ त्रास असतो. हमरस्त्यावर वळताना मागून ट्रक येत असेल, तर तोच क्षण जिवावर बेतू शकतो. गाडी बहुधा घरातला तरुण मुलगा किंवा दुकानातील कामगार चालवीत असतो, म्हणून हा प्रश्न किरकोळ मानता येत नाही.

यावर सर्रास सुचवला जाणारा उपाय म्हणजे महागडे पेट्रोल भरणे. तो कितपत योग्य आहे, हे समजण्यासाठी आधी दुखण्याचे मूळ पाहावे लागते.

गारठलेल्या इंजिनात काय घडते

पेट्रोल द्रवरूपात जळत नाही. त्याची वाफ हवेत मिसळून जळते. धातू थंड असला की पेट्रोलचा काही भाग वाफ न होता नळीच्या भिंतींना चिकटून राहतो. परिणामी ज्वलनासाठी मिळणारे मिश्रण पातळ होते, म्हणजे त्यात हवा अधिक आणि इंधन कमी पडते. जुन्या गाड्यांतील चोक हवा रोखून हीच तूट भरून काढतो. चोक लवकर बंद केला आणि रेस एकदम दिली, तर हवा तत्काळ आत धावते, पेट्रोल मात्र मागे राहते. गचका बसतो तो याच अंतरामुळे.

पेट्रोलही पूर्वीचे राहिलेले नाही

भारतात पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळण्यास २००३ मध्ये काही राज्यांत सुरुवात झाली. २०२२ मध्ये हे प्रमाण देशभरात सरासरी १० टक्क्यांवर पोहोचले. २०२३ पासून २० टक्के मिश्रणाचे पेट्रोल पंपांवर येऊ लागले आणि आता बहुतेक ठिकाणी तेच मिळते.

येथे थोडे गणित आवश्यक आहे. १ किलो पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते, तर १ किलो इथेनॉलला सुमारे ९ किलो. २० टक्के मिश्रणासाठी हा आकडा साडेतेराच्या आसपास येतो. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीला इंधन बदलल्याचे कळत नाही. ती ठरलेल्या मापानेच पेट्रोल सोडते. त्यामुळे आधीच थंडीने पातळ झालेले मिश्रण आणखी पातळ होते. शिवाय इथेनॉलची वाफ होण्यास वजनास वजन पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता लागते, आणि गार इंजिनाजवळ नेमकी उष्णतेचीच वाण असते.

तरीही सारा दोष इथेनॉलच्या माथी मारणे न्याय्य नाही. ब्राझीलमध्ये होंडाने २००९ मध्ये पेट्रोल आणि इथेनॉल दोन्हींवर चालणारी सीजी १५० ही मोटारसायकल आणली. पारा १५ अंशांखाली असताना टाकीत किमान २० टक्के पेट्रोल ठेवावे, अशी तिच्यासाठी सूचना होती. आपल्याकडील मिश्रणात ८० टक्के पेट्रोलच असते. म्हणजे गाडी चालू न होण्याचे कारण केवळ इंधन असू शकत नाही. निगा राखलेल्या गाडीत जो फरक जेमतेम जाणवतो, तो निगा नसलेल्या गाडीत गचका होऊन उभा राहतो.

महाग पेट्रोलाने काय साधते

९५ किंवा १०० हा ऑक्टेनचा आकडा शक्तीचा किंवा शुद्धतेचा नसतो. दाबाखाली इंधन अवेळी पेटू नये, यासाठीची ती सहनशक्ती होय. कमी दाबाच्या साध्या प्रवासी मोटारसायकलला तिचा विशेष उपयोग नाही, आणि गार इंजिनात तर वाफेचा प्रश्न त्याने सुटतच नाही. इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन १०० हून अधिक आहे. ऑक्टेनने गचका थांबला असता, तर मिश्रित पेट्रोलनेच तो थांबवला असता. महाग पेट्रोलातील स्वच्छता राखणारी द्रव्ये दीर्घकाळात उपयोगी पडतात, पण बुजलेले जेट ती मोकळे करतीलच असे नाही. प्रत्येक लिटरमागे जादा मोजलेले पैसे त्यामुळे बहुधा वायाच जातात.

इंधनाच्या निवडीत खरे महत्त्व ताजेपणाला आहे. टाकीत महिनोन्महिने राहिलेल्या पेट्रोलातील हलका, चटकन वाफ होणारा अंश उडून जातो. इथेनॉल हवेतील ओल शोषते. पाणी फार झाले तर ते इथेनॉलसह तळाशी बसते. म्हणून खपणाऱ्या पंपावर पेट्रोल भरावे आणि क्वचित वापरायच्या गाडीत ते साठवून ठेवू नये.

खर्च कोठे करावा

कार्ब्युरेटरमधील पायलट जेटचे छिद्र अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असते. ते प्रथम स्वच्छ करून घ्यावे. त्यानंतर जाणत्या मेकॅनिककडून मिश्रणाचा स्क्रू किंचित जाड मिश्रणाकडे लावून घ्यावा. एअर फिल्टर, प्लग आणि टॅपेट तपासावेत. कार्ब्युरेटर व इंजिन यांमधील रबर तडकले असेल तर तेथून चोरटी हवा शिरते, ते बदलावे. जुन्या गाडीच्या पेट्रोलच्या नळ्याही पाहाव्यात, कारण इथेनॉल काही प्रकारच्या रबराला मानवत नाही.

एप्रिल २०२० नंतरच्या बहुतेक गाड्यांत कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन आहे. तेथे इंजिनाचे तापमान पाहून इंधनाचे माप आपोआप वाढते. किल्ली फिरवल्यावर पंपाचा आवाज थांबू द्यावा आणि रेस न देता गाडी चालू करावी.

मायलेजचा हिशोबही वास्तव धरावा. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालानुसार, १० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या दुचाकींत २० टक्के मिश्रणाने ३ ते ४ टक्के घट संभवते. लिटरला ५० किलोमीटर जाणारी गाडी सुमारे ४८ वर आली, तर तो बिघाड मानू नये. घट त्याहून बरीच अधिक असेल, तर गाडी गॅरेजमध्ये दाखवावी.

या सर्व उपायांत सर्वांत स्वस्त आहे तो एक मिनिटाचा धीर. चोक देऊन गाडी चालू करावी, इंजिन सुरळीत बोलू लागले की चोक काढावा आणि मगच रस्त्यावर यावे. गाडी घरातील कोणाच्याही हाती देताना ही सवयही सोबत द्यावी.