शासकीय हमीचे कर्ज आणि उपाहारगृहाची फ्रँचायझी : यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना :
यवतमाळ हा प्रामुख्याने कापूस उत्पादक जिल्हा होय. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या २७,७२,३४८ असून त्यातील सुमारे चार-पंचमांश ग्रामीण होती. शेतीच्या अनिश्चित उत्पन्नामुळे येथील सुशिक्षित तरुण नामांकित उपाहारगृहाची फ्रँचायझी घेण्याचा विचार करतो. अशा वेळी 'कर्जाला शासनाची हमी आहे, म्हणजे जोखीमही शासनाची' असा समज आढळतो. हा समज कितपत योग्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

योजनांचे स्वरूप :
ऑगस्ट २००० मध्ये केंद्र शासन व सिडबी यांनी सूक्ष्म व लघुउद्योगांसाठी पतहमी निधी न्यास स्थापन केला. तारणाशिवाय दिलेले कर्ज थकल्यास हा न्यास बँकेच्या नुकसानीचा ठरावीक हिस्सा भरून देतो. २०१५ मध्ये प्रधानमंत्री मुद्रा योजना सुरू झाली. २००८ पासूनचा पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम मात्र अनुदानाचा आहे. त्याचे अर्ज जिल्हा उद्योग केंद्र तसेच खादी यंत्रणेमार्फत बँकेकडे जातात.

अनुदानाचे गणित :
२०२२ च्या सुधारित नियमांत सेवा उद्योगाची प्रकल्प मर्यादा २० लाख रुपये करण्यात आली. सर्वसाधारण गटातील अर्जदाराने यवतमाळ शहरात २० लाखांचा प्रकल्प उभारल्यास स्वतःचे २ लाख व अनुदान १५ टक्के, म्हणजे ३ लाख होते. तोच प्रकल्प ग्रामपंचायत हद्दीत, उदाहरणार्थ नागपूर-हैदराबाद महामार्गावरील एखाद्या गावी उभारल्यास अनुदान ५ लाख होते. महिला व मागासवर्गीय अर्जदारांना ग्रामीण भागात ७ लाख अनुदान मिळते व स्वतःचा वाटा १ लाखच असतो.

तथापि अनुदान हाती रोख मिळत नाही. ते तीन वर्षे बँकेत अर्जदाराच्या नावे ठेव म्हणून राहते व पडताळणीनंतर कर्जखात्यात वळते होते. त्यापूर्वीच व्यवसाय बंद पडल्यास हा लाभ हातचा जाऊ शकतो. शिवाय जागेची किंमत प्रकल्प खर्चात धरली जात नाही आणि योजना नवीन घटकांसाठीच असल्याने दुसऱ्याचे चालू उपाहारगृह विकत घेण्यास ती लागू पडत नाही.

फ्रँचायझीतील विशेष जोखीम :
भट्टी, शीतकपाट, फर्निचर ही मालमत्ता विकता येते. फ्रँचायझी शुल्क मात्र सहसा परत मिळत नाही. स्वामित्व शुल्क बहुधा नफ्यावर नव्हे, विक्रीवर आकारले जाते. दरमहा विक्री २ लाख व दर ५ टक्के धरल्यास तोटा झाला तरी १०,००० रुपये द्यावेच लागतात. भारतात फ्रँचायझीसाठी स्वतंत्र कायदा नसल्याने असे व्यवहार मुख्यतः १८७२ च्या करार कायद्यावर अवलंबून असतात. म्हणून मुदत, शुल्क व करार संपुष्टात येण्याच्या अटी सहीपूर्वी वाचणे अगत्याचे आहे.

येथील ग्राहकाच्या हाती पैसा प्रामुख्याने कापूस विक्रीच्या हंगामात येतो. हप्ता मात्र बारा महिने भरावा लागतो. त्यामुळे प्रकल्प अहवालात पावसाळ्यातील मंद विक्री गृहीत धरली पाहिजे.

निष्कर्ष :
शासनाची हमी बँकेला असते, कर्जदाराला नव्हे. न्यासाने बँकेला रक्कम दिली तरी कर्जदाराचे देणे संपत नाही. अतएव अर्ज करण्यापूर्वी जिल्हा उद्योग केंद्रात प्रचलित नियमांची खात्री करून घ्यावी आणि मंदीच्या महिन्यातही हप्ता निघेल काय, हा प्रश्न प्रथम स्वतःस विचारावा.